बोरा बाजारातल्या काउंटरवरून डिजिटल रुपया: येतो सरळ, पुढे जात नाही

आमच्या काउंटरवर यूपीआयच्या क्यूआरशेजारी डिजिटल रुपयाचा दुसरा क्यूआर लागला, त्याला बराच काळ झाला. एवढ्या वापरानंतर माझं मत आधीच सांगते. पैसा म्हणून ही वस्तू पक्की आहे, नोटेइतकी भरवशाची आहे. पण व्यापाऱ्याला पैसा नुसता मिळून भागत नाही, तो पुढे द्यायचाही असतो. गिऱ्हाईक मला डिजिटल रुपया देतं, मी तो घेते आणि तिथेच तो थांबतो. ज्यांच्याकडून मी माल उचलते त्यांच्यापैकी कुणालाच तो नको आहे. पाचपैकी तीन गुण द्यायला मी तयार आहे, आणि उरलेले दोन का कापले ते खाली सविस्तर लिहिते, कारण हे दोन गुण मिळवणं अवघड नाही असं मला मनापासून वाटतं.

आमचं दुकान स्टेशनरीचं, फोर्टात, बोरा बाजारात. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे यजमान चालवतो. हायकोर्टातल्या वकिलांचे कारकून लेजर पेपर, हिरव्या दोऱ्या, डॉकेट घ्यायला येतात. आजूबाजूच्या बँकांचे शिपाई ए4च्या रिमा नेतात. दिवाळीआधी वह्या-चोपड्यांची गर्दी, जूनमध्ये शाळांची. शहीद भगतसिंग मार्गावरची रिझर्व्ह बँकेची इमारत आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या रुपयाचा किरकोळ वापराचा प्रयोग 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत सुरू झाला. सुरुवातीला चार बँका होत्या : स्टेट बँक, आयसीआयसीआय, येस बँक आणि आयडीएफसी फर्स्ट. बँकांच्या या वस्तीत दुकान असल्यामुळे हा रुपया आमच्याकडे बाकीच्या मुंबईच्या आधी पोचला.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2021 मध्ये ई-रुपी नावाचं व्हाउचर निघालं होतं, ते वेगळं. डिजिटल रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेनेच काढलेली नोट, फक्त कागदाऐवजी फोनमध्ये. बँकेच्या डिजिटल रुपयाच्या ॲपमध्ये वॉलेट उघडायचं, आपल्या खात्यातून त्यात पैसे भरायचे, की स्क्रीनवर 500, 200, 100च्या नोटांची आणि नाण्यांची चित्रं दिसतात. त्यावर व्याज मिळत नाही, जसं कपाटातल्या नोटांवर मिळत नाही. नको असतील तर परत खात्यात वळवता येतात. 1 फेब्रुवारी 2022च्या अर्थसंकल्पात याची घोषणा झाली आणि रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात ‘बँक नोट’च्या व्याख्येत डिजिटल नोटही घालण्यात आली. त्याच भाषणात बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तांच्या नफ्यावर 30 टक्के कर लावला गेला. एका हाताने सरकारने स्वतःचं डिजिटल नाणं आणलं आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या नाण्यांवर कर बसवला, हे एकाच सकाळी झालं. माझ्या मते या विषयातली भारताची सगळी भूमिका त्या एका सकाळीत सामावलेली आहे.

आता वापराबद्दल.

दुकानदार म्हणून वॉलेट उघडणं कठीण गेलं नाही. सिमशी नोंदणी, पिन, खातं जोडणं, झालं. पैसे येतात तेही क्षणात. यूपीआयने आलेला प्रत्येक पाच-दहा रुपयांचा व्यवहार पासबुकात उमटतो. एक पेन, एक खोडरबर, दोन झेरॉक्स अशा नोंदींनी महिन्याचं स्टेटमेंट इतकं लांबतं की आमचे सीए दर तिमाहीला त्यावरून कुरकुर करतात. डिजिटल रुपयाचं तसं नाही. वॉलेटमध्ये आलेले किरकोळ व्यवहार वॉलेटमध्येच राहतात, आणि संध्याकाळी गल्ला मोजून बँकेत भरणा करावा तशी एक रक्कम मी खात्यात वळवते. पासबुकात एक ओळ. हा फायदा कुठल्या जाहिरातीत मी वाचला नाही, पण किरकोळ दुकानदाराला सगळ्यात आधी जाणवतो तो हाच.

जिथे अडतं ते सांगते. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये वॉलेट एका सिमला बांधलेलं आहे. म्हणजे तो फोन काउंटरवर हवा. यूपीआयचा साउंडबॉक्स ‘दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले’ असं मोठ्याने सांगतो, मी मागे माळ्यावर रिमा मोजत असले तरी ऐकू येतं. डिजिटल रुपया आला की फोनवर फक्त सूचना येते. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा मग हाक मारतो, ‘वहिनी, ते डिजिटलवाले आलेत, बघा ना पैसे आले का.’ मी हातातलं काम टाकून खाली येते. दुपारच्या गर्दीत हे परवडत नाही. शिवाय दिवसाचा हिशेब एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय मला त्या ॲपमध्ये सापडलेली नाही. यादी दिसते, ती वहीत उतरवावी लागते. दुकानदारासाठी वॉलेट बनवताना बँकेने एक दिवस खऱ्या काउंटरमागे उभं राहायला हवं होतं.

गिऱ्हाईक कोण, हेही महत्त्वाचं. डिसेंबर 2023 मध्ये देशभरात दिवसाला 10 लाख व्यवहारांचा टप्पा गाठला गेला. त्यासाठी काही बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते थेट डिजिटल रुपयाच्या वॉलेटमध्ये टाकले होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. आमच्याकडे ते बातमीआधी कळलं. बँकांतली मंडळी दुपारच्या सुट्टीत यायची, मुलांसाठी रंगपेट्या, डायऱ्या, चांगली पेनं घ्यायची आणि त्या वॉलेटमधून पैसे द्यायची. एक मॅडम म्हणाल्या, ‘अहो, हे पैसे कुठे चालतात तेच शोधत होते, तुमच्याकडे बोर्ड दिसला म्हणून आले.’ वाक्य साधं आहे, पण मला ते लागलं. पगाराचा एक भाग हातात आलाय आणि तो खर्च करायला जागा शोधावी लागते! भत्त्यांचा तो ओघ ओसरल्यावर गिऱ्हाइकं कमी झाली. आता येतात ते हौशी, नाहीतर बँकेतच काम करणारे.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालाप्रमाणे मार्च 2025 अखेर 17 बँका आणि 60 लाख वापरकर्ते या प्रयोगात होते, आणि चलनातला डिजिटल रुपया 1,016 कोटींच्या घरात होता. आधीच्या वर्षी तो 234 कोटी होता. चौपटीहून जास्त वाढ, ऐकायला मोठी. पण त्याच सुमारास देशात साध्या नोटा होत्या सुमारे 37 लाख कोटी रुपयांच्या. म्हणजे 1 लाखाच्या रोकडीमागे डिजिटल रुपये जेमतेम 27. आणि यूपीआयचं म्हणाल, तर मे 2025 या एका महिन्यात त्यावरून 25 लाख कोटी रुपयांची देवाणघेवाण झाली.

इतकं कमी का? माझ्या परीने मी उत्तर शोधलं, आणि ते मला अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळालं.

आम्ही बराच माल तिथून उचलतो. पेनं, फाइली, रजिस्टरं, गोंद. ज्या शेठकडून सासऱ्यांच्या काळापासून माल येतो त्यांना मी विचारलं, की माझ्या वॉलेटमध्ये इतके डिजिटल रुपये साठलेत, या बिलाचे त्यातून देऊ का? शेठ मला मुलीसारखं वागवतात. चहा मागवला, फोन हातात घेऊन सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, ‘बेटा, तू दिलेस तर मी घेईन. पण मी ते भिवंडीच्या गोडाऊनवाल्याला कसे देऊ? टेम्पोवाल्याला कसे देऊ? पेपर मिलवाल्याला कसे देऊ?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी डिजिटल रुपये खात्यात वळवले आणि त्यांना एनईएफटी केलं. ते दुकान, ते शेठ आणि माझं वॉलेट, तिघांचाही त्यात काही दोष नाही. पैशाला पुढची वाट नव्हती एवढंच.

या ठिकाणी एक बारकावा आहे, ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. 2023 मध्ये डिजिटल रुपयाच्या ॲपमधून यूपीआयचा क्यूआर स्कॅन करण्याची सोय आली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फार उत्तम, कारण आता कुठेही पैसे देता येतात. पण त्या व्यवहारात दुकानदाराला डिजिटल रुपया मिळत नाही. त्याच्या बँक खात्यात साधे रुपये जमा होतात. म्हणजे रिझर्व्ह बँकेची नोट गिऱ्हाइकाच्या फोनमधून निघाली आणि पहिल्याच दुकानात विरघळून खात्यातला आकडा झाली. साखळी पहिल्या कडीलाच तुटली. कागदी नोट मात्र माझ्याकडून शेठकडे, शेठकडून हमालाकडे, हमालाकडून खाणावळीत आणि तिथून भाजीबाजारात जाते. ती फिरते म्हणून ती पैसा आहे. वापर वाढवायला केलेली ही सोय फिरण्याच्या आड आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खर्चाचा विचार केला तर दुकानदाराला आग्रह धरावा असं कारणही उरत नाही. यूपीआयवर खात्यातून आलेल्या पैशांना 2020 पासून आम्हाला शुल्क नाही. क्रेडिट कार्ड घासलं तर दीड-दोन टक्के जातात, तिथे कुणी स्वस्त पर्याय दिला तर आम्ही धावत जाऊ. फुकटाशी स्पर्धा करायची तर फुकटापलीकडचं काहीतरी द्यावं लागतं.

ते पलीकडचं काहीतरी या रुपयात आहे, आणि म्हणूनच मी बोर्ड काढलेला नाही.

पहिलं म्हणजे सुरक्षितता. खात्यातले पैसे हे बँकेने आपल्याला द्यायचं देणं असतं. बँक बुडाली तर ठेव विम्याचे 5 लाखांपर्यंत मिळतात, तेही फेब्रुवारी 2020 पासून, त्याआधी 1 लाखच होते. हे मुंबईकरांना समजावून सांगावं लागत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखांबाहेर पुन्हा तशाच रांगा लागल्या. निवृत्त लोक, छोटे दुकानदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी. ज्यांनी त्या रांगा पाहिल्या त्यांना ‘बँकेचं देणं’ आणि ‘रिझर्व्ह बँकेचं देणं’ यातला फरक पोटातून कळतो. डिजिटल रुपया थेट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. वॉलेट ज्या बँकेने दिलं तिचं काही झालं तरी ती नोट रिझर्व्ह बँकेचीच राहते. महिन्याच्या मालाइतकी रक्कम अशा स्वरूपात ठेवता आली, आणि ती पुढे देता आली, तर मी आनंदाने ठेवीन.

दुसरं, याची तुलना खऱ्या क्रिप्टोशी, म्हणजे बिटकॉइनसारख्या बाहेरच्या आभासी नाण्यांशी, केल्यावर जे दिसतं ते. माझा भाचा डोंबिवलीत राहतो, मोशन ग्राफिक्सचं काम करतो. त्याची गिऱ्हाइकं परदेशात. त्यातल्या एका स्टुडिओने त्याला यूएसडीसीमध्ये पैसे द्यायला सुरुवात केली. यूएसडीसी म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं, सर्कल ही अमेरिकन कंपनी ते काढते. सुरुवातीला तो हरखला होता. ‘मामी, शनिवारी रात्री बिल पाठवलं आणि जेवण होईपर्यंत पैसे आले!’ खरंच आहे ते. बँकेच्या मार्गाने तेच पैसे यायला दिवस लागतात, मधल्या बँका आपापले डॉलर कापून घेतात, आणि शनिवार-रविवार तर सगळं ठप्प. घरी बसून जगभरची कामं करणाऱ्या पोरांना ब्लॉकचेनचं, म्हणजे ही नाणी ज्यावर चालतात त्या अनेक संगणकांवरच्या सामाईक वहीचं, आकर्षण का वाटतं हे मला त्या दिवशी नीट उमगलं. काम चोवीस तास चालतं आणि पैसा मात्र कार्यालयीन वेळेत, ही अडचण खरी आहे.

मग आमच्या सीएंनी त्याची फाइल पाहिली. सेवा निर्यात झाली असं जीएसटीत धरायचं तर पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली असेल तिथे रुपयांत, मिळालेले असावे लागतात. यूएसडीसी या दोन्हींत बसत नाही. निर्यात ठरली तर कर शून्य, ठरली नाही तर 18 टक्के, आणि ते परदेशी स्टुडिओ देणार नाही, याच्याच खिशातून जाणार. बँकेतून आलेल्या पैशाला परकीय चलन आल्याचा दाखला मिळतो, वॉलेटमध्ये आलेल्या नाण्याला मिळत नाही. त्यात मिळकत म्हणून प्राप्तिकर आहेच. पुढे ते नाणं विकताना 1 टक्का टीडीएस, नफा झाला तर 30 टक्के आणि वर उपकर, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. भाच्याने स्टुडिओला सांगून पुन्हा बँकेमार्फत पैसे घ्यायला सुरुवात केली. वेळ जातो, पण कागद स्वच्छ राहतात. घरबसल्या परदेशी काम करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीने ही निर्यातीची अट आपल्या सीएला विचारावी, असं मी कळकळीने सांगते. कारण ऑनलाइन सल्ले देणारे 30 टक्क्यांबद्दल बोलतात आणि या 18 टक्क्यांचा उल्लेखही करत नाहीत.

नाण्याचं स्थैर्यही गृहीत धरण्यासारखं नाही. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, सर्कलचे 330 कोटी डॉलर तिच्यात अडकले होते, आणि डॉलरशी बांधलेलं यूएसडीसी दोन दिवस डॉलरच्या खाली, 88 सेंटच्या आसपास घसरलं. नंतर सावरलं. पण ज्याचा घरभाड्याचा दिवस त्या दोन दिवसांत आला त्याने काय करायचं? आणि नाणी ठेवायची जागा? नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते ते मुंबईचं वझीरएक्स हे एक्सचेंज जुलै 2024 मध्ये हॅकरांनी फोडलं, सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी गेली, आणि ग्राहकांची मालमत्ता वर्षाहून जास्त काळ अडकून राहिली. अनोळखी माणसाला थेट नाणी विकून खात्यात रुपये घेणाऱ्यांचं आणखी कठीण. समोरच्याचे रुपये कुणाला तरी फसवून आणलेले असले, की माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. मग आपण निर्दोष असल्याचे पुरावे देत परगावच्या सायबर पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार.

बिटकॉइनमागचा विचार मला मोठा वाटतो, हेही लिहायलाच हवं. 2008च्या मंदीत बँकांवरचा विश्वास उडालेला असताना कुणीतरी अशी वही मांडली की जिच्यातली नोंद एकट्यादुकट्याला बदलता येत नाही, आणि नाण्यांची संख्या 2 कोटी 10 लाखांवर कायमची थांबते. वहीपूजन करणाऱ्या बाजारात माझं आयुष्य गेलं. खाडाखोड न होणाऱ्या वहीची किंमत मला कळते. आपल्या सरकारी डिजिटल रुपयातही काही भागांत ब्लॉकचेन वापरलेली आहे. फरक इतकाच की तिथे वही एका विश्वस्ताकडे आहे आणि त्या विश्वस्ताला मी ओळखते. धंद्यासाठी मला हेच बरं वाटतं.

तिसरी गोष्ट अटींची. या रुपयाला अट लावता येते: अमुक कामासाठीच, अमुक तारखेपर्यंतच. कोकणातलं उदाहरण आहे. 2024 मध्ये इंडसइंड बँकेने रत्नागिरीतल्या शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचा मोबदला अशा डिजिटल रुपयात द्यायचा प्रयोग केला. हजार शेतकऱ्यांपैकी सुरुवात 50 जणांपासून. माझं माहेर त्याच बाजूचं, म्हणून ही बातमी मी दोनदा वाचली. आंबा-काजूच्या बागायतदाराला झाडं राखल्याचे पैसे मिळावेत आणि ते मधे कुठे न झिरपता त्याच्याच फोनमध्ये पडावेत, ही कल्पना मला फार आवडली. आमच्या धंद्यातही याला जागा आहे. कंपन्या आणि ट्रस्ट जूनमध्ये गरीब मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी देणग्या देतात. आज होतं काय, की ट्रस्ट ठोक वह्या विकत घेऊन वाटतं. मुलाला चित्रकलेची वही हवी असते, मिळते गणिताची. त्याऐवजी आईच्या फोनमध्ये फक्त स्टेशनरीच्या दुकानात चालणारे 1,000 रुपये पडले, तर ती माउली मुलाला घेऊन दुकानात येईल, मुलगा आपल्या हाताने कंपासपेटी निवडेल. दुकानाला गिऱ्हाईक, ट्रस्टला हिशेब, मुलाला निवड. हा वापर मला उद्या सुरू झालेला पाहायचा आहे.

पण अट मदतीच्या पैशाला असावी, घामाच्या पैशाला नाही. पगार, मजुरी, मालाचे पैसे यांना कुणीही कधीही अट लावू नये. आज भत्ता वॉलेटमध्ये आला, उद्या कुणी मालक म्हणेल की जेवणाचे पैसे अमुक उपाहारगृहातच खर्च करा, महिनाअखेर संपवा. कामगाराने कमावलेला पैसा त्याच्या मर्जीचा असतो. माथाडी कामगारांच्या या शहरात हे मोठ्याने म्हणायला हवं, आणि नियम पक्के होण्याआधी म्हणायला हवं.

हमालांवरून आठवलं. आमच्याकडे हातगाडीवरून माल येतो. गाडीवाल्याला रोख लागते, त्याच्याकडे बटणाचा फोन आहे. बोरा बाजारातल्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर नेटवर्कचीही बोंब, भर दुपारी यूपीआय गोल-गोल फिरत राहतं. नेटवर्कशिवाय चालणाऱ्या डिजिटल रुपयाची घोषणा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2024 मध्ये केली. दोन फोन जवळ आणले, किंवा एखादं कार्ड टेकवलं, आणि पैसे गेले, अशी ती सोय माझ्या काउंटरवर आणि त्या गाडीवाल्याच्या खिशात पोचली, तर जिथे यूपीआय थकतो तिथे हा रुपया उभा राहील. तिथेच त्याचं खरं काम आहे. ज्या दुकानात सगळं सुरळीत चाललंय तिथे आणखी एक क्यूआर चिकटवून काही होणार नाही.

कुणी घ्यावा हा रुपया? बँकेत नोकरी करत असाल, फोर्ट किंवा बीकेसीच्या बाजूला वावर असेल, तर वॉलेट उघडा आणि निदान छोट्या दुकानांत वापरा. शक्य असेल तिथे दुकानदाराचा डिजिटल रुपयाचाच क्यूआर स्कॅन करा, यूपीआयचा नको, म्हणजे नोट नोट म्हणून पुढे जाईल. किरकोळ दुकानदाराने घ्यावा, पासबुक आटोपशीर राहतं. ठोक व्यापाऱ्याला आज मी आग्रह करणार नाही.

त्या दिवशी अब्दुल रहमान स्ट्रीटवर चहा संपवता संपवता शेठनी मला एक प्रश्न विचारला होता. ‘यातून जीएसटी भरता येतो का गं?’ मी घरी येऊन पोर्टल उघडलं. चलन भरायला नेटबँकिंग, कार्ड, यूपीआय, एनईएफटी असे पर्याय आहेत, डिजिटल रुपयाचा पर्याय मला तिथे दिसला नाही. रिझर्व्ह बँकेने काढलेली नोट सरकारी करासाठी थेट वॉलेटमधून देता आली पाहिजे. प्रत्येक नोंदणीकृत व्यापारी दर महिन्याला किंवा तिमाहीला जीएसटी भरतो. डिजिटल रुपया तिथे चालला, तर शेठ तो माझ्याकडून मागून घेतील, कारण त्यांना तो खपवायला जागा मिळेल. पेपर मिल घेईल, गोडाऊनवाला घेईल. ही एक सोय झाली की मी कापलेल्या दोन गुणांपैकी एक लगेच परत देईन. दुसरा साउंडबॉक्सचा.